'ओसाड' हे विशेषण कोणाचे?

मोठा वीजप्रकल्प उभा राहण्यापूर्वी त्याची जागा मोजली जाते, आखली जाते, कुंपणात घेतली जाते. या सगळ्याच्या आधी आणखी एक काम पार पडलेले असते आणि ते भाषेचे असते. त्या जागेला एक विशेषण चिकटवले जाते. धरणासाठी बुडणारा मुलूख 'मागास' असतो, खाणीसाठी उकरला जाणारा 'दुर्गम' असतो आणि सौरप्रकल्पासाठी घेतले जाणारे वाळवंट 'ओसाड' असते. विशेषण एकदा रुळले की पुढचे सारे सोपे होते, कारण ओसाड जागेतून कोणी विस्थापित होऊ शकत नाही. तिथे कोणी नव्हतेच, हे आधीच लिहून झालेले असते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे सरळ आहे. हे विशेषण खोटे आहे. महसुली कागदावर ते जितके खोटे आहे तितकेच ते आपल्या समीक्षेतही खोटे आहे. आणि ते रूढ करण्यात साहित्याच्या क्षेत्राने जो हातभार लावला आहे, तो थांबवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

उदाहरणादाखल भडला घेऊ. राजस्थानातल्या फलोदीजवळचे हे गाव. फलोदी पूर्वी जोधपूर जिल्ह्यात होते, २०२३ साली ते स्वतंत्र जिल्हा झाले. भडल्याच्या सौरप्रकल्पाची क्षमता २,२४५ मेगावॅट असून त्याने सुमारे १४,००० एकर, म्हणजे छप्पन-सत्तावन्न चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. चार टप्प्यांत तो उभा राहिला. २०१७ च्या मे महिन्यात याच जागेसाठी झालेल्या लिलावात विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला आणि सौरवीज कोळशाशी स्पर्धा करू शकते हे देशाला प्रथमच इतक्या ठळकपणे दिसले. ही कामगिरी खरी आहे आणि ती नाकारण्याचा येथे हेतू नाही. मात्र या प्रकल्पाविषयी जे जे लिहिले गेले, त्यात एक वाक्य ठरल्यासारखे येते: हा प्रदेश माणसाच्या वस्तीला जवळजवळ अयोग्य आहे, इथे उष्णता, वाळूची वादळे आणि शून्य याखेरीज काही नाही. उष्णता आहे. १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. वादळेही आहेत. 'शून्य' मात्र नाही.

थरचे वाळवंट हे जगातील सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक मानले जाते. वर्षाला दोन-तीनशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पावसावर इथली माणसे शतकानुशतके जगत आली, ती शेतीपेक्षाही पशुपालनाच्या बळावर. सेवण नावाचे चिवट गवत वाळूला धरून ठेवते आणि गाई-मेंढ्यांना पोसते. खेजडीचा पाला जनावरांच्या पोटात जातो, शेंगा सांगरी म्हणून माणसांच्या ताटात येतात आणि झाडाखालच्या जमिनीत बाजरी बरी पिकते. केर, बोर, फोग, जाळ यांचाही असाच हिशेब आहे. ही खेजडी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली शमी, ग्रामीण महाराष्ट्रातली सौंदड. जैसलमेरच्या परिसरात पालीवालांनी रूढ केलेल्या 'खडीन' पद्धतीत पावसाचे वाहते पाणी बांध घालून अडवतात आणि ते मुरल्यावर त्या ओलीवर हरभरा व गहू घेतात. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५ च्या पुस्तकात कुंई, कुंडी, टांका, खडीन यांची जी शब्दसृष्टी उभी केली आहे, ती वाचल्यावर एक गोष्ट कळते: पाणी जितके कमी, तितके पाण्याविषयीचे शब्द जास्त. ज्या प्रदेशात पाणलोटाच्या राखीव जमिनीला 'आगोर' असा खास शब्द आहे, देवाच्या नावाने राखलेल्या चराऊ रानाला 'ओरण' हा शब्द आहे, गाईंसाठी सोडलेल्या जमिनीला 'गोचर' हा शब्द आहे, तो प्रदेश ओसाड आहे असे म्हणणाऱ्याने एक तर ते शब्द ऐकलेले नाहीत, किंवा ऐकूनही त्याला ते सोयीचे वाटलेले नाहीत.

मग 'ओसाड' हा शब्द आला कुठून? तो आला सारावसुलीच्या वहीतून. इंग्रजी राजवटीत ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती 'वेस्ट', असा साधा हिशेब होता. तिथे गवत उगवते का, गुरे चरतात का, पाणी मुरते का, हे प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हते. मराठी महसुली भाषेतले 'पड', 'पडीक', 'खराबा', 'पोटखराबा' हे शब्दही सातबाऱ्यावर याच अर्थाने वावरतात. 'खराबा' म्हणजे खराब जमीन नव्हे. खराबा म्हणजे लागवडीस आणि म्हणून आकारणीस अयोग्य ठरवलेली जमीन. पण शब्द एकदा कागदावर चढला की तो जमिनीचा गुण म्हणून वाचला जातो. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, शब्द तसाच राहिला. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. २००० पासून देशातील पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध होऊ लागले. २०१९ च्या संग्रहानुसार देशाच्या भूभागापैकी जवळजवळ १७ टक्के भाग 'पडीक' आहे. या पडीकात काय काय मोडते ते पाहावे: वाळवंटी वालुकामय क्षेत्र, झुडुपी रान आणि चक्क 'अवनत कुरणे'. म्हणजे ज्या वर्गाच्या नावातच गुरे चरण्याचा उल्लेख आहे, तोही पडीकच! उपग्रहाला गवत दिसते, गवताचा हक्कदार दिसत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला 'संहितेतील मौन' ही संज्ञा शिकवली जाते. तिचे इतके धडधडीत उदाहरण दुसरीकडे शोधण्याची गरज नाही.

हे महसूल खात्याचे झाले. आपले काय? टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' १९२२ साली प्रसिद्ध झाली आणि आधुनिक माणसाच्या आत्मिक रितेपणासाठी एक रूपक जगभरच्या वर्गांत जाऊन बसले. एलियटला दोष देण्याचे कारण नाही, त्याच्या कवितेतली रुक्षता ही महायुद्धोत्तर युरोपची होती. दोष आपल्या उसनवारीचा आहे. मराठी समीक्षेत 'सांस्कृतिक वाळवंट', 'वैचारिक वाळवंट', 'भावनांचे वाळवंट' अशी जी नाणी खुळखुळतात, ती कोणत्या टांकसाळीतली आहेत याचा आपण कधी विचार केला काय? जिथे काही उगवत नाही, जिथे कोणी राहत नाही, जिथून बाहेर पडणे हीच मुक्ती, ते वाळवंट, असे समीकरण आपण परीक्षणांत आणि अध्यक्षीय भाषणांत वापरतो आणि विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत उतरवतात. सारावसुलीच्या वहीतला 'वेस्ट' आणि आपल्या समीक्षेतले 'वाळवंट' हे दोन शब्द एकाच घरचे आहेत. फरक इतकाच, की पहिला शब्द जमीन घेतो आणि दुसरा ती घेतली गेल्याची खंत वाटू देत नाही.

गंमत अशी की ही उसनवारी करताना मराठी माणसाने स्वतःचाच शब्द विसरला. 'वाळवंट' या शब्दाचा मराठीतला जुना आणि जिवंत अर्थ नदीकाठचा वाळूचा विस्तार असा आहे. चंद्रभागेचे वाळवंट म्हटले की मराठी कानाला रितेपणा ऐकू येत नाही, टाळ-मृदंग ऐकू येतो. ज्या वाळूवर कोणाची मालकी नाही, जिथे पीक नाही, सारा नाही, तीच जागा या भाषेतल्या सर्वांत मोठ्या मेळ्याची झाली. कोणाच्याच मालकीची नसलेली जागा सर्वांची असू शकते, हा वारकरी परंपरेने दिलेला धडा आहे. जैसलमेरच्या ओरणातला मेंढपाळ वेगळे काय सांगतो? तोही म्हणतो की ही जमीन माझी नाही, देवाची आहे, म्हणूनच माझी गुरे इथे चरतात आणि म्हणूनच मी इथले झाड तोडत नाही. पंढरीची ही शिकवण ज्या भाषेत आहे, तिच्यातच 'वाळवंट' हा शब्द शून्याचा पर्याय व्हावा, ही आपल्या वाङ्मयीन शिक्षणाची शोकांतिका आहे.

'ओसाड' या विशेषणापाठोपाठ आणखी काही शब्द येतात. त्यांचीही तपासणी केली पाहिजे. प्रकल्पाला 'सोलर पार्क' म्हणतात. पार्क म्हणजे उद्यान. ज्याला कुंपण आहे, फाटकावर पहारेकरी आहे, ज्यात पिढ्यानपिढ्या ये-जा करणाऱ्या कळपाला आता वळसा घालून जावे लागते, ते उद्यान कोणाचे? दुसरा शब्द 'हरित'. सेवणाचे हिरवे गवत आणि खेजडीची हिरवी सावली काढून तिथे काचेचे निळे-काळे फलक बसवले की जमीन 'हरित' होते. हे रंगांधळेपण केवळ जाहिरातीतले नाही, नियमांतलेही आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली सौर फलकांच्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागत नाही. २०१६ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची रंगवार प्रतवारी केली, तीत सौरवीज 'पांढऱ्या' प्रवर्गात गेली, म्हणजे जवळजवळ निर्दोष. धूर निघत नाही या अर्थी ते बरोबरच आहे. पण पूर्वमंजुरी नाही म्हणजे तिच्यासोबतची जनसुनावणीही नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा, की 'ही जागा ओसाड नाही' हे सांगण्यासाठी गुराख्याला ज्या सभेत उभे राहता आले असते, ती सभाच भरत नाही. विशेषण कागदावर एकतर्फी लिहिले जाते आणि एकतर्फीच कायम होते.

येथे तीन आक्षेप घेतले जातील. तिन्ही गंभीर आहेत, म्हणून त्यांना उत्तरे दिली पाहिजेत.

पहिला आक्षेप: कोळशाचे काय? चंद्रपूरच्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, कारण तिथल्या महाऔष्णिक केंद्राची राख त्याने श्वासातून घेतली आहे. हवामानबदलाचा पहिला तडाखाही वाळवंटातल्या गुराख्यालाच बसणार आहे. सौरवीज हवी, मोठ्या प्रमाणावर हवी, हे निर्विवाद. पण सौरवीज हवी म्हणजे ती ओरणातच हवी, असे होत नाही. २०२२ पर्यंत देशातल्या छतांवर ४० गिगावॅट सौरवीज उभारण्याचे उद्दिष्ट सरकारनेच ठरवले होते. ते त्या मुदतीत गाठले गेले नाही. शहरातल्या छताला मालक असतो, त्याला विचारावे लागते, त्याची समजूत काढावी लागते. ओरणाला कागदोपत्री मालक नसतो, तिथे समजूत काढण्याचा खर्च वाचतो. स्वस्त विजेचे श्रेय तंत्रज्ञानाला आणि लिलावपद्धतीला आहेच. पण त्या २ रुपये ४४ पैशांत कोणाच्या चराईची किंमत धरलेलीच नाही, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.

दुसरा आक्षेप: थरचे वाळवंट दोन लाख चौरस किलोमीटरचे. त्यात छप्पन-सत्तावन्न चौरस किलोमीटर म्हणजे किती? कागदावर नगण्य. पण मेंढी सरासरीवर चरत नाही. ती गावापासून एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्याच टापूत चरते आणि तो टापू कुंपणात गेला तर उरलेले दोन लाख चौरस किलोमीटर तिच्या कामाचे नाहीत. शिवाय भडला हा शेवट नाही, सुरुवात आहे. कच्छच्या रणात खावडा येथे २०२० च्या डिसेंबरात पायाभरणी झालेला सौर-पवन प्रकल्प ७२,६०० हेक्टरांचा आणि ३० गिगावॅटचा योजलेला आहे. आणि फलकांपेक्षाही लांब पोहोचतात त्या विजेच्या तारा. माळढोक, ज्याला राजस्थानात गोडावण म्हणतात, तो जड शरीराचा पक्षी. समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि तारांवर आपटून तो मरतो. आज हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी त्याच्या अधिवासातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तो आदेश सौम्य करून तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. दोन्ही बाजूंना न्याय देण्याची ती धडपड होती, हे मान्य. पण त्या वादात पक्षी आणि वीज असे दोनच पक्षकार आपल्याला दिसत राहिले. गवत हा तिसरा पक्षकार, गुराखी हा चौथा. त्यांची नावे आपल्या चर्चेतही फारशी येत नाहीत. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र २०१२ साली साडेआठ हजार चौरस किलोमीटरांवरून सुमारे बाराशेवर आले आणि आज सोलापुरात हा पक्षी दिसणे हीच बातमी होते. त्या महाराष्ट्राला 'माळ म्हणजे मोकळी जागा' या समजुतीची किंमत वेगळी सांगायला नको.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा: हे सारे शहरी वाचकाचे स्मरणरंजन आहे, वाळवंटातल्या माणसाला रस्ता, नोकरी, पैसा हवा आहे. हवाच आहे, आणि का नको? पण मग कर्नाटकातल्या पावगड्याकडे पाहावे. तिथला २,०५० मेगावॅटचा प्रकल्प सुमारे १३,००० एकरांवर उभा आहे आणि ती जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली गेली. एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि ठरावीक काळाने वाढ, अशी ती व्यवस्था. तिच्यातही भूमिहीन मजुराच्या हाती काही आले नाही. तरीही जमीनधारकाचे नाव कागदावर होते, म्हणून त्याच्याशी करार करावा लागला. भडल्याची जमीन मुख्यतः सरकारी. तिथे पिढ्यानपिढ्या वापर होता पण नाव नव्हते, म्हणून करार करण्याजोगे कोणी 'सापडले' नाही. तेव्हा प्रश्न विकास हवा की नको हा नाही. ज्याचा वापर आहे पण नाव नाही, त्याला भाषेत आणि कायद्यात माणूस म्हणून मोजायचे की नाही, हा आहे.

आणि शब्दाने खरोखरच काही बदलते का, असे विचारणाऱ्यांसाठी ओरणांचीच हकीकत सांगतो. जैसलमेर जिल्ह्यातल्या देगरायसारख्या ओरणांमध्ये ग्रामस्थांनी गेली काही वर्षे जो लढा चालवला आहे, त्याची मागणी ऐकायला अगदी साधी वाटते: महसुली नोंदीत 'ओरण' हा शब्द लिहा. कित्येक ओरणे नोंदीत नुसती सरकारी पडीक जमीन म्हणून आहेत आणि म्हणून ती वाटपाला खुली आहेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा देवरायांचे जागेवर सर्वेक्षण करून, नकाशे बनवून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्यास सांगितले. एक शब्द नोंदीत नाही म्हणून जमीन जाते आणि तो आला तर ती वाचू शकते. पण इथेही भाषेचा पेच संपत नाही. 'वन' म्हटले की वनखाते येते आणि वनखाते आले की चराई बंद होईल, अशी धास्ती याच गावांना वाटते. ओरण म्हणजे वन नव्हे, पडीकही नव्हे. माणूस, गुरे आणि देव यांनी मिळून राखलेली ती जागा आहे. तिला सरकारच्या शब्दकोशात प्रतिशब्द नाही. भाषांतर अपुरे पडले की वाचकाचा रसभंग होतो, एवढेच आपण भाषांतरमीमांसेच्या तासाला शिकवतो. इथे भाषांतर अपुरे पडले की कळपाची वाट बंद होते.

राजस्थान सरकारने खेजडीला राज्यवृक्ष, गोडावणाला राज्यपक्षी आणि उंटाला राज्यपशू केले आहे. तिघांचेही घर ओरणात आणि गोचरात आहे. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली ३६३ बिष्णोईंनी खेजडीसाठी प्राण दिले, ही कथा पाठ्यपुस्तकांतून अभिमानाने शिकवली जाते आणि सौरप्रकल्पांसाठी होणाऱ्या खेजडीच्या तोडीविरुद्ध बिकानेर जिल्ह्यात २०२४ पासून लोकांना धरणे धरावे लागते. प्रतीक म्हणून मान आणि प्रत्यक्षात बेदखल, हा खेळ साहित्यिकांना नवा नसावा. भाषादिनी भाषेचे आपण हेच करतो.

म्हणून मागणी आहे ती आपल्याच बिरादरीकडे. 'वाळवंट' हा शब्द अभावाचे रूपक म्हणून वापरणे सोडावे. ज्यांना ही मागणी क्षुल्लक वाटते, त्यांनी 'ओसाड'ऐवजी 'ओरण' लिहून घेण्यासाठी गावांना किती वर्षे झगडावे लागते, ते पाहावे. 'द वेस्ट लँड' शिकवताना त्याच तासाला पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहाचे एक पानही वर्गात लावावे आणि दोन्हीकडे 'वेस्ट' कोण ठरवतो, कोणाच्या वतीने ठरवतो, हे विद्यार्थ्यांना विचारावे. विजयदान देथांच्या कथा लोकसाहित्याचा नमुना म्हणून वाचण्याऐवजी त्या भूमीत किती माणसे, किती जनावरे, किती व्यवहार नांदतात याचा पुरावा म्हणून वाचाव्यात. आणि आपल्या गावाच्या सातबाऱ्यावर जिथे 'पड', 'खराबा', 'गायरान' असे लिहिले आहे, तिथे एकदा जाऊन पाहावे. महाराष्ट्रातही सौर कृषी वाहिनीसारख्या योजनांसाठी सरकारी जमिनी शोधल्या जात आहेत आणि त्यांत गायरानेही येतात. उद्या आपल्या गावचे गायरान 'ओसाड' आहे असे कोणी लिहील, तेव्हा ते वाक्य खोडायला कोणी भाषा जाणणारा माणूस पुढे येतो की नाही, यावर बरेच काही अवलंबून आहे.

सूर्य सर्वांचा आहे, असे सौरविजेच्या प्रत्येक समारंभात सांगितले जाते. ते खरेच आहे. पण ज्या जमिनीवर त्याचे ऊन पडते, तीही कोणाची तरी आहे, एवढे त्याच समारंभात म्हणण्याचे धैर्य भाषेच्या अभ्यासकांनी दाखवावे.